निधीचं भाषण

निधीने आपलं माणूस म्हणून सबनीस सरांचं नाव सांगितलं, तेव्हा सरांना आधी आनंद झाला आणि मागोमाग त्या आनंदाची लाज वाटली. प्रसंग आनंदाचा नव्हताच. नऊ वर्षांची पोर महिनाभर परक्या घरी राहत होती. ती आता आपल्या घरी परत जाणार की तिथेच राहणार, हे ठरवायला मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी खात्याने बैठक बोलावली होती. अशा बैठकीत मुलालाही बसवतात, त्याचं म्हणणं विचारतात आणि मुलाला ज्याचा आधार वाटतो असं एक मोठं माणूस त्याला सोबत आणू देतात. निधीला विचारलं, तर तिने फारसा विचार न करता सांगून टाकलं, "सबनीस आजोबा. फ्रॉम मराठी क्लास."

सरांची सगळी नोकरी मिरजेच्या एका शाळेत गेली होती. बायको गेल्यावर मुलगा, प्रसन्न, त्यांना ॲरिझोनात चँडलरला घेऊन आला. पहिले काही महिने सर खिडकीतून समोरच्या घराचं गॅरेज बघत बसायचे. शेवटी सून रेणूने डोकं चालवलं आणि दर रविवारी वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये मराठीचा वर्ग सुरू करून दिला. पोरं यायची ती आईबापांनी ढकलल्यामुळे, पण टिकायची ती सरांमुळे. सर कधी चिडत नसत. एकच गोष्ट दहांदा सांगायची वेळ आली तर दहाव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगत. वेड म्हणाल तर एकच होतं. मुलाने चार लोकांत ताठ उभं राहून, न अडखळता, स्वच्छ बोललं पाहिजे. मिरजेत आंतरशालेय वक्तृत्वाची ढाल त्यांच्या शाळेतून सहसा हलली नाही, ती या वेडापायीच. इथेही गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी पोरांना बोलतं केलं होतं. गेल्या वर्षी निधी स्टेजवर उभी राहून 'माझी आवडती भाजी' या विषयावर बोलली होती, भेंडीवर. लोकांनी हसून हसून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याआधी ही मुलगी चारचौघांत आईच्या ओढणीमागून बाहेर यायची नाही.

जूनमध्ये जे झालं ते असं. निधीचे वडील केदार वैरागडे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता, कामाने पिचलेला होता. शनिवारी दुपारी ते निधीला अपूर्णांक शिकवत होते, ती पुन्हा पुन्हा चुकत होती आणि शेवटी त्यांनी तिला मागच्या दाराबाहेर उभं केलं. सरकतं काचेचं दार ओढलं, बाहेरून उघडू नये म्हणून इथले लोक दाराच्या खोबणीत एक लाकडी दांडी आडवी टाकतात, ती टाकली आणि म्हणाले, "पाच मिनिटं." तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, कुठलंसं मशीन बंद पडलं होतं. ते बोलत बोलत वर गेले, लॅपटॉप उघडला आणि पोर बाहेर आहे हे डोक्यातून साफ गेलं. लतिका, निधीची आई, किराणा आणायला गेली होती. बाहेर चँडलरची जूनमधली रणरणती दुपार, खाली सिमेंटची फरशी आणि निधी अनवाणी. भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या शेजारणीने रडणं ऐकलं, स्टुलावर चढून पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. निधीच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. इस्पितळातून तिला घरी पाठवलंच नाही. जवळच्याच मेसा गावी, खात्यातर्फे अशी मुलं सांभाळणाऱ्या मिसेस कोल नावाच्या बाईंकडे ठेवलं. आईवडिलांनी भेटायचं तर तेही खात्याच्या माणसासमोर. मराठीचा वर्ग मात्र चालू ठेवायला परवानगी मिळाली. तेवढी एक ओळखीची गोष्ट तिच्याजवळ राहू दे, असं खात्यातर्फे तिचं प्रकरण बघणाऱ्या केसवर्करला, मिस डेल्गाडोंना वाटलं. मिसेस कोल दर रविवारी तिला गाडीने आणून सोडू लागल्या.

बैठक मंगळवारी होती. आदल्या शनिवारी सगळे प्रसन्नच्या घरी जमले.

"काका, मला एकच भीती आहे," केदार म्हणाला. "तिने तिथे काही वेडंवाकडं बोलू नये."

"वेडंवाकडं म्हणजे काय?" लतिका म्हणाली. "झालं तेच सांगेल ना."

"मी मुद्दाम केलं का ते? नागपूरला आम्हाला आठवड्यातून दोनदा बाहेर उभं करायचे. आमचा भाऊ नंदू तर बाहेर उभ्या उभ्या शेजारच्या काकूंकडून लाडू खाऊन यायचा."

रेणू म्हणाली, "नागपूरला बाहेर व्हरांडा असतो, केदार. सावली असते. आणि शेजारच्या काकू असतात."

"माहितीये मला," केदार म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "रोज रात्री माहिती होतंय."

"यार, आता पोस्टमॉर्टेम नको," प्रसन्न म्हणाला. "मंगळवारचं ठरवा. क्लायंटसमोर जातो तसं जायचं. काय भांडायचं ते इथे भांडून घ्या, तिथे सगळ्यांचं एक. एकाने इकडे ओढलं, दुसऱ्याने तिकडे, तर ते म्हणणार, या घराचं काही खरं नाही."

लतिकाने मान वर केली. "मग मी इथेच बोलते. मला वाटतं केदारने थोडे दिवस त्याच्या मित्राकडे, अरुणकडे राहायला जावं. डेल्गाडो बाईंनी सुचवलंय तसं. निधी घरी येईल, मी आहे. कोर्टाने सांगितलेला तो पेरेंटिंगचा क्लास झाला की हाही येईल."

"म्हणजे मी गुन्हेगार, हे आपणच कबूल करायचं?"

"मी तसं म्हटलं का?"

"दुसरं काय म्हटलंस?"

दोघं एकमेकांकडे न बघता भांडत राहिले. सर आधी ऐकत होते. मग जमलेल्यांतलं वडीलधारं माणूस म्हणून त्यांनी तोंड घातलं. "लतिका, तुझं म्हणणं चूक नाही. पण ते तिथे नको बोलूस. परक्या लोकांपुढे नवऱ्याविरुद्ध बोललीस, तर त्यांना वाटेल घर दुभंगलंय. दुभंगलेल्या घरात कोण मूल पाठवील? आधी पोर घरी येऊ दे. बाकीचं आपण आपल्यात बघू. मी आहे ना."

लतिकाने सरांकडे पाहिलं. "ठीक आहे, काका," ती म्हणाली.

मग काय बोलायचं ते ठरलं. तो अपघात होता. आमचं तिच्यावर प्रेम आहे. घरी ती सुरक्षित आहे. तीन वाक्यं, सोपी आणि खरी. त्यातलं खोटं असं एकही नव्हतं, म्हणून सरांच्या मनालाही काही टोचलं नाही.

रविवारी वर्ग सुटल्यावर सरांनी निधीला थांबवून घेतलं. मिसेस कोल बाहेर सोफ्यावर विणकाम करत बसल्या होत्या. डेल्गाडो बाईंनी फोनवर सरांना सांगितलं होतं, की तिला बैठकीची भीती वाटू देऊ नका, तिला जे वाटतं ते तिच्या शब्दांत सांगता यावं एवढं बघा. सरांनी ते मनापासून ऐकलं होतं. पण चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या लेखी मुलाचे स्वतःचे शब्द म्हणजे सुरुवात असायची. मूल आधी मनात येईल तसं बोलणार, मग त्यातला फापटपसारा काढायचा, क्रम लावायचा, आणि मग ते नीट उभं करायचं. शिकवणं म्हणजे दुसरं काय?

"निधी, मंगळवारी तुला विचारतील, तुला काय हवंय. काय सांगशील?"

निधी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पट्ट्या निघाल्या होत्या, पण तळव्याची नवी कातडी गुलाबी, पातळ दिसत होती.

"आय वॉन्ट टू गो होम."

"शाब्बास. आणखी?"

"आणि..." ती अडखळली. "ती स्टिक आहे ना, आजोबा? दारामागची? कॅन समबडी थ्रो इट अवे?"

सरांनी तिच्या तळव्यांकडे पाहिलं.

"आणि बाबा ओरडतात ना, दॅट्स ओके. पण कधी कधी ते एकदम गप्प होतात. लाइक, कुणीच नाहीये असं. मग माझ्या पोटात दुखतं. ओरडतात तेव्हा नाही दुखत."

"आईला सांगितलंस हे?"

"आईला माहितीये."

सरांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मनात मात्र एकच विचार सारखा फिरत होता. ही हे तिथे बोलली, तर संपलं. वडिलांना बघून पोटात दुखतं म्हणणाऱ्या मुलीला कोण त्या वडिलांच्या घरी पाठवील?

"निधी, हे तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण हे तिथे नको. हे घरचं आहे. तू घरी आलीस की मी स्वतः बाबांशी बोलेन. दांडीचंही आणि गप्प होण्याचंही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. तिथे आपण छोटंसं, छान भाषण करू. भेंडीचं केलं होतं तसं."

भेंडीचं नाव काढल्यावर ती महिन्यात पहिल्यांदा हसली. मग दोघं कामाला लागले. 'गुड मॉर्निंग एव्हरीवन' ने सुरुवात. मी निधी. माझं आईवर आणि बाबांवर प्रेम आहे. जे झालं तो अपघात होता. घरी मला सुरक्षित वाटतं. शाळा सुरू व्हायच्या आत मला घरी जायचंय. माझं ऐकून घेतल्याबद्दल आभार. हात कुठे ठेवायचे, एका वाक्यानंतर श्वास कसा घ्यायचा, समोरच्या प्रत्येकाकडे एकदा तरी कसं बघायचं, सगळं झालं. 'शाळा सुरू व्हायच्या आत' इथे तिचा आवाज दर वेळी पडायचा, तेवढं सरांनी घासून घेतलं. ती बोलायची, तिला जमायचं, तिचा चेहरा उजळायचा. सरांनाही सगळं विसरायला झालं. शेवटी एकदा ती सबंध भाषण न अडखळता बोलली, आणि दोघांनी टाळी दिली.

*

बैठकीची खोली एखाद्या बालवाडीसारखी होती. गोल टेबल, रंगीत खडू, कागदी रुमालांचा खोका, भिंतीवर लिहायचा पांढरा फळा. फळा पाहून सरांना जरा धीर आला. एका बाजूला केदार आणि लतिका, समोर डेल्गाडो बाई आणि मिसेस कोल, मध्ये निधी, तिच्याशेजारी सर. बैठक चालवायला जोआन नावाच्या बाई होत्या, पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. सगळं इंग्रजीतच चाललं होतं.

जोआनबाईंनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं. इथे सगळ्यांचं एकमत असायलाच हवं असं नाही. उलट वेगळं काही वाटत असेल तर ते इथेच बोला, त्यासाठीच आपण जमलोय. निधीचं म्हणणं मोठ्यांना पटलं नाही तरी आधी ते पूर्ण ऐकायचं. शेवटी मेळ बसला नाही तर निर्णय खातं घेईल, आणि कोणाला तो मान्य नाही हे न्यायाधीशांपर्यंत पोहोचवलं जाईल.

बाई बोलतात छान, सरांच्या मनात आलं. बरं झालं, आपल्याकडे मतभेदाचा प्रश्नच ठेवला नाही.

केदारला विचारलं. त्याने टाय घातला होता. "तो अपघात होता," तो म्हणाला. "आमचं तिच्यावर प्रेम आहे. घरी ती सुरक्षित आहे."

"पुन्हा असं होऊ नये म्हणून तुम्ही घरात काय वेगळं कराल?" डेल्गाडो बाईंनी विचारलं.

"पुन्हा होणारच नाही. तो अपघात होता."

लतिकाला विचारलं. टेबलावरचा हिरवा खडू बोटांत फिरवत ती म्हणाली, "तो अपघात होता. आमचं तिच्यावर प्रेम आहे. घरी ती सुरक्षित आहे." शाळेत हजेरी देताना मुलं बोलतात तसा तिचा आवाज होता.

"निधी?" जोआनबाई म्हणाल्या. "तुला वाटेल तेवढंच बोल हं. नाही बोललीस तरी चालेल."

निधी उभी राहिली. आतापर्यंत कोणी उभं राहून बोललं नव्हतं. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान ताठ. "गुड मॉर्निंग एव्हरीवन," ती म्हणाली आणि एकेकाकडे बघत, श्वास घेत, सगळं बोलली. 'शाळा सुरू व्हायच्या आत' इथे आवाज पडला नाही. शेवटी आभार मानून ती तशीच उभी राहिली. टाळ्यांची वाट बघत होती.

डेल्गाडो बाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"बस हं, बाळ," जोआनबाई म्हणाल्या. "किती स्पष्ट बोलतेस तू. हे बसवायला कोणी मदत केली?"

"आजोबांनी!" निधीने अभिमानाने सरांकडे बोट केलं. "वुई प्रॅक्टिस्ड!"

सरांनी हसून मान लववली. मान वर करता करताच त्यांना समोरच्या दोन चेहऱ्यांवर काहीतरी बंद होताना दिसलं. दुकानाचं शटर खाली येतं तसं.

"निधी," जोआनबाईंनी पुन्हा विचारलं, "घरी काही वेगळं व्हावं असं तुला वाटतं? एखादी गोष्ट बदलावी?"

निधीने सरांकडे पाहिलं. हे भाषणात नव्हतं. सर तिच्याकडे बघत राहिले. सांग, असं त्यांना म्हणायचं होतं, पण भर बैठकीत म्हणायचं कसं?

"नो, थँक यू," निधी म्हणाली.

"छोटीशीसुद्धा?"

"नो, थँक यू."

डेल्गाडो बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त जड वाटला. "मी इथे तिघांना ऐकलं," त्या म्हणाल्या, "आणि तिघांकडून तीच तीन वाक्यं ऐकली. निधी मला आज ऐकूच आली नाही. तिला काय वाटतं, मला खरंच माहीत नाही."

सरांनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपर टेबलावर टेकून. "मी बोलू का?"

आपल्या जुन्या, पुस्तकी इंग्रजीत त्यांनी सांगायला सुरुवात केली. निधीला खरंच घरी जायचंय. तिचे शब्द माझे नाहीत, तिचेच आहेत. फक्त मी ते नीट लावले. आणि तिला काही बदलायला हवं आहे. दारामागची ती दांडी तिला नको आहे. वडील गप्प झाले की तिला भीती वाटते, पोटात दुखतं. तिने मला रविवारी सांगितलं.

"तिने हे तुम्हाला सांगितलं होतं?" डेल्गाडो बाई म्हणाल्या.

"हो."

"मग आज ती का नाही बोलली?"

"मी म्हणालो, हे नंतर," सर म्हणाले. "घरी गेल्यावर."

"काका, हे काय बोलताय तुम्ही?" केदार मराठीत उसळला. "कसली दांडी? इथे घराघरात असते ती दांडी! आणि मी गप्प होतो म्हणजे काय? माणसाने गप्पही व्हायचं नाही?"

"केदार, पोर घाबरते रे..."

"तुम्ही आमच्या बाजूने आलात ना?"

"इंग्रजीत, प्लीज," जोआनबाई म्हणाल्या. "सगळ्यांना कळू दे."

निधीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती एकदा वडिलांकडे, एकदा सरांकडे बघत होती. "आय डिडन्ट से दॅट," ती म्हणाली.

"निधी," सर म्हणाले.

"आय डिडन्ट. आजोबा चुकून म्हणतायत. बाबा, आय डिडन्ट से दॅट."

सरांनी लतिकाकडे पाहिलं. आईला माहितीये, असं पोर म्हणाली होती. आता हिने एक शब्द बोलावा. केदारने थोडे दिवस बाहेर राहावं, हे तिच्या मनातलं तिने आत्ता, या टेबलावर मांडावं. बोल पोरी, मी म्हटलं ते सोड. लतिकाचे ओठ हललेसुद्धा. मग तिची नजर केदारच्या टायच्या गाठीवरच्या हाताकडे गेली, तिथून सरांकडे आली.

"आमचं सगळ्यांचं एकच मत आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

शनिवारी तिने काय म्हटलं होतं, ते आपण सांगून टाकावं असं सरांच्या अगदी जिभेवर आलं. पण एकीने मन उघडं केलेलं त्यांनी आत्ताच चारचौघांत मांडलं होतं, आणि ती पोर वडिलांसमोर खोटी पडून बसली होती. दुसरीचंही मांडायचं? ती आज रात्रीही त्याच माणसाबरोबर एका घरात राहणार होती. सरांनी वर केलेला हात केव्हाच खाली घेतला होता. आता त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

पुढचं फार वेळ चाललं नाही. घरात काय बदलायला हवं हे घरातलं कोणीच म्हणत नाही, डेल्गाडो बाई म्हणाल्या. जी म्हणत होती तिला ते न म्हणायला शिकवलं गेलं. अशा घरी मी तिला आज पाठवू शकत नाही. निधी मिसेस कोलकडेच राहील. शाळाही तिथूनच सुरू करेल. पुढची सुनावणी शरद ऋतूत, न्यायाधीशांसमोर. तोवर मराठीचा वर्ग बंद, आणि मिस्टर सबनीसांनी तिच्याशी या प्रकरणाबद्दल काहीही बोलायचं नाही.

"मला हे मान्य नाही," केदार म्हणाला. टायची गाठ ओढत तो म्हणाला, "अजिबात मान्य नाही. लिहा तसं."

"लिहिते," जोआनबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं. लतिकानेही मान हलवून नाही म्हटलं, तेही लिहिलं. मग त्या निधीकडे वळल्या, खुर्चीतून वाकून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन. "आणि तू, निधी? तुला हे मान्य नसेल तर तसं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी तेही लिहीन. न्यायाधीश ते वाचतात. तुला हे मान्य आहे का?"

सरांना ओरडावंसं वाटलं. नाही म्हण. उलट बोल, पाय आपट, टेबलावरचे खडू फेक. इथे उलट बोललेलं चालतं, त्यासाठीच ही सगळी माणसं बसली आहेत. पण ते तिच्या शेजारी बसले होते आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती. त्यांनी भुवई उचलली असती, तरी ती आता शिकवणीत धरली गेली असती. मोठं माणूस विचारतं तेव्हा कसं उत्तर द्यायचं, हे निधीला घरीही शिकवलं होतं आणि रविवारीही.

"येस," निधी म्हणाली. "थँक यू फॉर लिसनिंग टू मी."

बाहेर व्हरांड्यासारखा लांब, थंडगार बोळ होता. केदार आणि लतिका दुसऱ्या दाराने गेले, त्यांना कागदांवर सह्या करायच्या होत्या. जोआनबाई सरांच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत, मला ठाऊक आहे." त्यांनी रागावायला हवं होतं, असं सरांना वाटलं. निदान पुढे काय करायचं ते तरी सांगायला हवं होतं. त्या आत निघून गेल्या.

निधीला निरोप घ्यायला थोडा वेळ दिला होता. डेल्गाडो बाई बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मिसेस कोल गाडीची किल्ली हातात घेऊन थांबल्या होत्या.

"आजोबा," निधी हळूच म्हणाली, "मी कुठलं वाक्य विसरले?"

"कुठलंच नाही, बाळा. सगळं बरोबर म्हटलंस."

"मग ते नो का म्हणाले?"

सरांनी डेल्गाडो बाईंकडे पाहिलं. बाईंनी अगदी थोडी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर कठोरपणा नव्हता. सरांना तिथे उभं राहून पोरीला एवढंच सांगायचं होतं, की तुझं काही चुकलं नाही, तुला जे आधी बोलायचं होतं तेच बरोबर होतं, मी ते काढलं. पण हे म्हणजे प्रकरणाबद्दलच बोलणं. हे बोललो, तर पोरीला भेटायची उरलीसुरली शक्यताही जाईल. आणि बोललो नाही, तर ही असंच समजत राहील. आयुष्यभर मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला आधी उत्तर आणि मग बाकीचं, असं वागलेला माणूस एका नऊ वर्षांच्या मुलीसमोर घसा खाकरत उभा राहिला.

"आजोबा?"

"तू... तू नीट जेवत जा," सर म्हणाले.

निधीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिने स्वतःशीच काहीतरी ठरवल्यासारखी मान डोलावली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "'बिफोर स्कूल स्टार्ट्स' मी लाउड बोलले, पण तेव्हा मी जज्जकडे बघायचं विसरले. म्हणजे, जज्ज नव्हते, पण त्या बाईंकडे. नेक्स्ट टाइम मी नीट बघेन. ऐका हं."

"निधी, आता राहू दे," सर म्हणाले. "नको बाळा."

पण तिने दोन्ही हात बाजूंना सरळ सोडले होते, मान ताठ केली होती. "गुड मॉर्निंग एव्हरीवन," तिने सुरुवात केली. मिसेस कोलनी "कम ऑन, हनी," म्हणत तिचा एक हात धरला. ती त्यांच्याबरोबर चालू लागली, नव्या कातडीवर जपून पाऊल टाकत, आणि चालता चालता पुढचं वाक्य म्हणत राहिली. दुसऱ्या वाक्यानंतर, शिकवल्याप्रमाणे, तिने थांबून श्वास घेतला.